दारूबंदीचा वाद आणि तिसऱ्या रात्रीची परिचारिका

चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी लागू झाली आणि 27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. या मधल्या सहा वर्षांत, आणि नंतरही, या विषयावर जेवढे बोलले गेले ते बहुतेक सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले: दुकान असावे की नसावे? बंदीच्या बाजूने महिलांचे मोर्चे, उद्ध्वस्त झालेले संसार आणि मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगणारे राज्यघटनेचे कलम 47 यांचे दाखले दिले गेले. विरोधी बाजूने बुडणारा महसूल, बनावट दारू, सीमेपलीकडून होणारी चोरटी वाहतूक आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे. गडचिरोलीत 1993 पासून आणि वर्ध्यात त्याही आधीपासून बंदी आहे; तिथल्या चर्चेचे स्वरूपही फारसे वेगळे नाही. दोन्ही बाजूंचे मुद्दे खरे आहेत आणि ते मांडणारी माणसे कळकळीने मांडतात. तरीही हा वाद मला अपुरा वाटतो, कारण ज्या माणसाच्या नावाने तो चालतो त्याचे शरीर या वादात कुठेच नसते. रोज पिणाऱ्या माणसाच्या गावातले दुकान आज बंद झाले, किंवा त्याने स्वतःच आज दारू सोडली, तर परवा रात्री त्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे की दारूविषयीचे कोणतेही सरकारी धोरण, मग ते बंदीचे असो वा परवान्याचे, पहिल्यांदा ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात तपासले पाहिजे. विथड्रॉवलची, म्हणजे सवयीची दारू अचानक थांबल्यावर उमटणारी, लक्षणे ओळखणारी, मोजणारी आणि त्यावर ठरलेले औषध देऊ शकणारी प्रशिक्षित परिचारिका तिथे रात्रपाळीत आहे का? नसेल, तर धोरण अर्धेच आहे. आणि हे काम केवळ व्यसनमुक्ती केंद्रांचे किंवा मनोविकारतज्ज्ञांचे नसून सामान्य रुग्णालयातील सामान्य शुश्रूषेचे आहे, हेही आग्रहाने सांगितले पाहिजे.

दारू मेंदूची उत्तेजना सतत दाबून ठेवते. महिनोन्‌महिने तो दाब सोसणारा मेंदू त्याला तोंड देण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून घेतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, वाढलेली उत्तेजना मात्र राहते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. काहींना किडे, माणसे, आवाज यांचे भास होतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, विथड्रॉवल झालेल्यांपैकी थोड्यांना, सुमारे शंभरात पाच जणांना, डेलिरियम ट्रेमेन्स गाठतो. त्यात रुग्णाला स्थळकाळाचे भान राहत नाही, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतो. उपचार नसत त्या काळात या अवस्थेतून तीनांपैकी एकापर्यंत रुग्ण दगावत असत. वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण आज पाच टक्क्यांच्या खाली राहते. गर्द किंवा हेरॉइन बंद झाल्यावर लागणाऱ्या 'टर्की'ची लोकांना फार भीती वाटते. त्या यातना भयंकर असतात यात शंका नाही, पण एरवी निरोगी असलेल्या प्रौढाचा जीव त्याने सहसा जात नाही. दारू अचानक सुटल्याने जातो. हे उलटे वास्तव आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक आहे.

वैद्यकशास्त्रालाही ते सहजासहजी उमगले नव्हते. 1813 मध्ये थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरांनी डेलिरियम ट्रेमेन्स या विकाराला त्याचे हे आजचे नाव दिले. तोवर अशा रुग्णांना मेंदूचा दाह झाला आहे असे समजून त्यांचे रक्त काढले जात असे, आणि ते मरत असत. त्यांना शांत करून झोप लागू दिली तर ते वाचतात, हे सटन यांनी नोंदवले. तरी हा विकार दारूच्या विषाने होतो, कुपोषणाने होतो की दारू थांबल्याने, हा वाद पुढे शतकभराहून अधिक चालला. 1955 मध्ये अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस आयझबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा कैद्यांना पुरेसा आहार व जीवनसत्त्वे देत कित्येक आठवडे दारू पाजली आणि मग ती अचानक थांबवली. जे सर्वाधिक काळ पीत राहिले त्यांच्यातल्या काहींना फिट आल्या, काहींना डेलिरियम झाला. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही आणि बसूही नये. पण त्याने हे सिद्ध केले की शरीराला सवय झालेली दारू काढून घेणे हीच एक वैद्यकीय घटना आहे. मग सत्तर वर्षांनंतरही आपण तिला चारित्र्याची परीक्षा का समजतो?

आपल्याकडे दारू सोडण्याच्या परंपरा आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. गळ्यात तुळशीची माळ घालून, देवापुढे शपथ घेऊन, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून हजारो माणसांनी दारू सोडली आहे आणि ती आयुष्यभर सोडलेली राहिली आहे. परंतु याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या माणसाकडेही पाहिले पाहिजे. एकादशीला त्याने माळ घातली. त्या दिवशी संध्याकाळीच हात थरथरू लागले, दुसऱ्या रात्री भिंतीवर काहीतरी सरपटताना दिसू लागले, आणि पहाटे शेजाऱ्याने दिलेल्या अर्ध्या ग्लासाने सगळे शांत झाले. गाव म्हणाले, याच्यात निश्चयच नाही. काही घरांत त्या भासांना बाहेरची बाधा समजून देवऋषी बोलावला गेला. त्याचा निश्चय खोटा नव्हता. ज्याला चार-पाच दिवस औषधाची आणि देखरेखीची गरज होती त्याला आपण नुसता निश्चय करायला सांगितले. याहून गंभीर बाब अशी की वारंवार अचानक सोडणे आणि पुन्हा सुरू करणे यामुळे पुढच्या वेळचे विथड्रॉवल अधिक तीव्र होत जाते, असे वैद्यकीय निरीक्षण आहे. म्हणजे मोडलेल्या प्रत्येक शपथेनंतर त्या माणसासाठी दारू सोडणे अधिक धोक्याचे होते. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा भिंतींवरील जाहिराती आपण रोज वाचतो. ज्याच्या नकळत उपचार चालला आहे त्याची नाडी कोण पाहणार?

सरकारने एका झटक्यात पुरवठा तोडला की काय होते, हे आपण पाहिलेले आहे. सप्टेंबर 2015 मध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात भेसळयुक्त ताडीवर कारवाई झाली. त्या ताडीत अल्प्राझोलामसारखी गुंगीची औषधे मिसळलेली असत. ती बंद होताच निजामाबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांतून फिट आणि भ्रम झालेले रुग्ण मोठ्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागले. कारवाई योग्यच होती, पण वॉर्ड तयार नव्हते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातील मद्यविक्री एका रात्रीत थांबली. केरळात आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि 2 एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या आदेशाची टीकाकारांनी खिल्ली उडवली, समर्थकांनी त्याला माणुसकी म्हटले. पण दारूच्या विथड्रॉवलवर दारू हा उपचार नसून क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी मेंदू शांत करणारी औषधे हा उपचार आहे, ती स्वस्त आहेत आणि जवळच्या रुग्णालयात मिळाली पाहिजेत, हे त्या गदारोळात कितीजणांनी सांगितले? एप्रिल 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली माणसे मेली. त्यांना मूर्ख ठरवून विषय संपवणाऱ्यांनी एकदा तरी विचार करावा, की थरथरत्या हातांनी ते कशापासून सुटका शोधत होते.

आता शुश्रूषेकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. विथड्रॉवलमधील रुग्णाला डॉक्टर दिवसातून एक-दोनदा पाहतात. त्याची अवस्था मात्र तासातासाला बदलते आणि रात्री बिघडते. त्यामुळे या आजारात बसल्याजागी लिहून दिलेल्या औषधापेक्षा खाटेजवळची नजर अधिक निर्णायक ठरते. 1989 पासून वापरात असलेली दहा लक्षणांची एक मोजपट्टी आहे: मळमळ, थरथर, घाम, चिंता, अस्वस्थता, स्पर्शाचे, आवाजाचे व दृष्टीचे भास, डोकेदुखी आणि स्थळकाळाचे भान. कमाल गुण 67. ती भरायला परिचारिकेला काही मिनिटे लागतात. 1994 मध्ये अमेरिकेत 101 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात निम्म्या रुग्णांना ठरलेल्या वेळापत्रकाने औषध दिले गेले, तर उरलेल्यांना परिचारिकेने या मोजपट्टीवर लक्षणे मोजून गरजेपुरतेच. पहिल्या गटाचा उपचार साधारण 68 तास चालला, दुसऱ्याचा 9 तास; क्लोरडायझेपॉक्साइड पहिल्या गटाला 425 मिलिग्रॅम लागले, दुसऱ्याला 100. औषध दोघांना एकच होते. फरक पडला तो परिचारिकेच्या मोजणीवर विश्वास ठेवल्यामुळे.

या अभ्यासावर एक रास्त आक्षेप आहे. त्यात पूर्वी फिट येऊन गेलेले रुग्ण घेतले नव्हते, आणि तिथे परिचारिकांची संख्या पुरेशी होती. जिथे रात्री संपूर्ण वॉर्ड एकाच सिस्टरवर असतो, तिथे तासातासाला मोजणी होणार नाही आणि ठरलेल्या वेळी ठरलेली, रोज कमी होत जाणारी मात्रा देणेच सुरक्षित ठरेल. हे मला मान्य आहे, आणि आपल्याकडे बहुधा तसेच केले जाते. पण तेव्हाही रुग्ण वाजवीपेक्षा अधिक गुंगला आहे का, श्वास मंदावला आहे का, गोंधळ विथड्रॉवलचा आहे की पडून डोक्याला मार लागल्याचा, रक्तातली साखर उतरली आहे का, हे कोणीतरी पाहावेच लागते. सलाइनमधून ग्लुकोज सुरू करताना थायमिनचे, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन दिले आहे की नाही, हेही. ते राहून गेले तर रुग्ण विथड्रॉवलमधून वाचतो, पण स्मरणशक्ती कायमची गमावून बसू शकतो. याखेरीज खोलीत मंद दिवा ठेवणे, एकाच व्यक्तीने पुन्हा पुन्हा शांतपणे नाव, वार आणि ठिकाण सांगणे, पाणी पाजत राहणे, ओळखीचा नातेवाईक जवळ बसवणे, फिट आली तर कुशीवर वळवणे, यांतले काहीही महाग नाही. मात्र हे सगळे कौशल्याचे काम आहे. ते 'सांभाळून घेणे' या सदरात टाकल्यामुळे कोणी शिकवत नाही आणि कोणी मोजतही नाही.

आणि हे रुग्ण व्यसनमुक्ती केंद्रात नसतात. ते अस्थिरोग विभागात असतात, मांडीचे हाड मोडून आलेले. शस्त्रक्रिया विभागात असतात, हर्नियासाठी दाखल झालेले. दाखल करताना साखर विचारली जाते, रक्तदाब विचारला जातो. दारू विचारली तर पत्नीसमोर, आणि मग उत्तर 'कधी कधी' असे येते. बाईला तर कोणी विचारतच नाही. तिसऱ्या रात्री रुग्ण सलाइन उपटतो, खाटेवरून उतरतो, शिव्या देतो. त्याचे हात पट्टीने खाटेला बांधले जातात, आणि बांधल्यावर तो अधिकच झटापट करतो, त्याचा ताप वाढतो. सकाळी नातेवाइकांना 'घेऊन जा' असे सांगितले जाते. दाखल होताना दोन प्रश्न एकांतात विचारले असते, शेवटची कधी घेतली आणि रोज किती क्वार्टर, तर यातले बरेच टळले असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, साखळीने बांधण्यावर पूर्ण मनाई केली आहे आणि अन्य प्रकारे जखडण्यावर कडक अटी घातल्या आहेत. कायदा कागदावर स्पष्ट आहे. वॉर्डात तो परिचारिकेच्या प्रशिक्षणाइतकाच खरा ठरतो.

बंदीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा की हे सगळे झालेल्या नुकसानीनंतरचे आहे. दारू सहज मिळणेच कमी केले तर रुग्णच कमी होतील, आणि तोच खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग आहे. उपलब्धता घटली की पिणे घटते, याला जगभराचा आधार आहे आणि मी तो नाकारत नाही. पण उपलब्धता घटवण्याने उद्याचा पिणारा वाचतो. आज जो अवलंबून आहे त्याच्यासाठी तेच धोरण विथड्रॉवलची तारीख ठरवते. बंदीचा ठाम पुरस्कार करणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. गडचिरोलीत 2016 मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' या दारूमुक्तीच्या उपक्रमाने गावागावांत दारूविक्री थांबवण्याबरोबरच तालुका स्तरावर उपचार केंद्रे आणि गावपातळीवर उपचार शिबिरे चालवली. बंदी आणि उपचार यांत निवड करावी लागते, ही समजूत त्यांनी कृतीने खोडून काढली आहे.

दुसरा मुद्दा पुन्हा पिण्याचा. बरे होऊन गेलेल्यांपैकी पुष्कळजण महिन्याभरात परततात, मग खाट कशाला अडवायची? केवळ विथड्रॉवलचा उपचार हा व्यसनाचा उपचार नव्हे, हे खरेच आहे. पण मधुमेहाचा रुग्ण साखर वाढवून तिसऱ्यांदा बेशुद्धावस्थेत आला तर त्याला आपण खाट नाकारत नाही.

तिसरा मुद्दा परिचारिकांच्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. अधिपरिचारिकांची पदे रिक्त असतात, रात्रपाळीत मदतीला कोणी नसते, दारू प्यायलेले रुग्ण आणि त्यांचे सोबती अंगावर येतात. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध राज्याला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यातच परिस्थिती कळते. अशा स्थितीत त्यांच्यावर आणखी एक तक्ता लादणे अन्यायाचे नाही का? नुसता तक्ता दिला तर अन्यायाचेच आहे. परंतु तक्ता नसताना तो रुग्ण त्यांच्याच वॉर्डात असतो, आणि ओळख न पटलेले विथड्रॉवलच त्या रात्रीच्या हिंसेचे एक मोठे कारण असते. पहिल्या दिवशी औषध सुरू झालेला रुग्ण तिसऱ्या रात्री खाटेवरून उठून सिस्टरच्या अंगावर धावून जाण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून ही मागणी परिचारिकांच्या सुरक्षिततेचीही आहे.

उरतो प्रश्न विशेष केंद्रांचा. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले आणि व्यसनी माणसाशी आदराने वागण्याची एक रीत महाराष्ट्राला दिली. त्या कामाचे मोल शब्दांत सांगणे अवघड आहे. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच कोणतातरी उपचार मिळाला आहे, आणि रुग्णालयात दाखल होऊन मिळालेला उपचार 180 जणांपैकी एकाला. ही दरी केंद्रांची संख्या दुप्पट करून भरणार नाही. याबाबत कुष्ठरोगाचा इतिहास आपल्याला अगदी घरचा आहे, आणि योगायोगाने तो याच जिल्ह्यांत घडला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये काम सुरू केले, पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. समाजाने टाकलेल्या माणसाला या संस्थांनी माणूस म्हणून उभे केले. तरी रोगाचा प्रसार खऱ्या अर्थाने ओसरला तो 1983 पासून बहुविध औषधोपचार राष्ट्रीय कार्यक्रमात आल्यावर आणि पुढे तो साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, साध्या कर्मचाऱ्याच्या हातून मिळू लागल्यावर. 2005 अखेर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून राष्ट्रीय पातळीवर त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. वेगळ्या वसाहतीतला उपचार सामान्य दवाखान्यात आला, तेव्हा रोगाबरोबर कलंकही थोडा कमी झाला. दारूच्या बाबतीत हे पाऊल अजून पडायचे आहे. 1939 मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरातल्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांना मद्यपी रुग्ण दाखल करून घेण्यासाठी कागदावर 'तीव्र जठरदाह' असे निदान लिहावे लागले होते, कारण खऱ्या निदानावर रुग्णालयाने खाट दिली नसती. आज आपल्याकडील अनेक विमा पॉलिसी व्यसनाचा उपचार वगळतात, आणि त्यामुळे खरे निदान लपवण्याचे कारण तेव्हासारखेच शिल्लक आहे.

प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: दाखल करताना एकांतात विचारायचे दोन प्रश्न केसपेपरवर छापलेले, लक्षणांचा मराठी तक्ता, क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम व थायमिनचा न संपणारा साठा, डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार रात्री मात्रा देण्याचा परिचारिकेला स्पष्ट अधिकार, गुंगीच्या औषधांचा गैरवापर टाळण्यासाठी प्रत्येक गोळीची नोंद, सुटी देताना पुढच्या भेटीची तारीख, आणि रात्रपाळीत दुसरी परिचारिका. त्यांतली एकच गोष्ट खर्चाची आहे, ती म्हणजे ही दुसरी परिचारिका. राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. त्यातला एक ठरावीक वाटा कायद्याने या पगारासाठी राखून ठेवावा, ही मागणी बंदीच्या समर्थकांनी करावी आणि विरोधकांनीही करावी. तिच्यासाठी दोघांपैकी कोणालाही आपली मूळ भूमिका सोडावी लागत नाही.